पडवीला जाळी लावताय? आधी फटी मोजा, मग पत्रा आणा

बीड : उन्हाळा लागला की आपल्याकडे घरात झोपणं नको होतं. स्लॅब रात्री बारापर्यंत तापलेला असतो आणि लाइट गेली की पंखाही नाही. मग बाजा अंगणात नाहीतर परसातल्या ओट्यावर येतात. पण बाहेर झोपायचं म्हटलं की डास आहेत, विंचू आहे, मण्यारीची भीती आहे. म्हणून हल्ली गावोगाव एक नवीन काम दिसायला लागलंय : घरामागच्या ओट्यावर पत्रा टाकायचा, चारी बाजूंनी बारीक जाळी मारायची आणि हवेशीर पडवी तयार करायची.

कल्पना चांगली आहे. पण बऱ्याच ठिकाणी पत्र्यावर आणि पाइपावर पैसा जातो आणि शेवटी डास आतच. कारण एकच : जाळी लावली, पण फटी राहिल्या. दहा बाजूंनी बंद आणि एका बाजूने उघडी अशी पडवी डासाच्या दृष्टीने उघडीच असते. त्यामुळे काम कसं करायचं, कुठे फसगत होते आणि कुठे पैसा वाचवता येतो, ते क्रमाने बघू.

जाळीचा उपयोग खरंच होतो का?

होतो, आणि हे सव्वाशे वर्षांपूर्वी सिद्ध झालेलं आहे. मलेरिया डासामुळे पसरतो याचा पुरावा रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादमध्ये सापडला. तेव्हा आपला बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातच होता, म्हणजे हा शोध आपल्याच मुलखातला. ती तारीख आज जगभर डास दिन म्हणून पाळतात.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १९०० मध्ये, इटलीत ग्रासी या शास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. मलेरियाने गाजलेल्या कापाच्चो भागात ११२ माणसांना दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत डासांपासून जपलं. त्यातल्या फक्त ५ जणांना मलेरिया झाला. त्याच भागात असं संरक्षण नसलेले ४१५ जण होते, ते सगळे आजारी पडले. औषध तेच, हवा तीच, पाणी तेच. फरक फक्त डास चावण्या-न चावण्याचा.

अलीकडचं उदाहरण आफ्रिकेतल्या गॅम्बिया देशाचं. तिथे सुमारे पाचशे घरांवर अभ्यास झाला आणि तो २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ज्या घरांची दारं, खिडक्या आणि छताखालच्या फटी जाळीने बंद केल्या, तिथे घरात शिरणारे डास निम्म्याहून कमी झाले. रक्त फार कमी झालेली मुलं साध्या घरांत शंभरात १९ होती, जाळीच्या घरांत १२. यात छताखालच्या फटींचा उल्लेख लक्षात ठेवा. आपलं बरंचसं काम तिथेच अडतं.

आणखी एक गोष्ट. मलेरियाचा डास रात्री चावतो, पण डेंग्यूचा डास दिवसा चावतो, जास्त करून सकाळी आणि दुपार कलल्यावर. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत दिवाळीच्या आसपासपासून ते पार मार्च-एप्रिलपर्यंत म्हातारी माणसं आणि लहान लेकरंच गावात राहतात. त्यांचा सगळा दिवस ओसरीत नाहीतर पडवीत जातो. त्यामुळे पडवीची जाळी फक्त रात्रीच्या झोपेसाठी नाही, दिवसासाठी पण आहे.

आधी ठरवा : पडवीच पाहिजे का?

पैसे कमी असतील तर क्रम असा ठेवा. पहिली जाळी झोपायच्या खोलीच्या खिडक्यांना आणि दाराला. दुसरी मच्छरदाणी, बाजेवर नीट खोचून. पडवी तिसरी. खिडकी उघडी ठेवून पडवीला जाळी मारण्यात काही अर्थ नाही.

घरकुलाच्या घरांची गोष्ट थोडी वेगळी आहे. पंतप्रधान आवास योजनेत घराचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २७० चौरस फूट धरलेलं आहे, आणि त्यातच स्वयंपाकाची जागा. पाच-सहा माणसांच्या कुटुंबाला एवढी जागा पुरत नाही. तिथे पडवी म्हणजे चैन नाही, एक खोलीच वाढते. पण घरकुलाचा शेवटचा हप्ता मिळेपर्यंत नवीन काम जोडू नका. हप्त्यासाठी घराचे फोटो जागेच्या नोंदीसकट काढले जातात, मध्येच घराचा आकार बदलला की विनाकारण प्रश्न उभे राहतात.

जागा आणि कागद

ओटा आपलाच आहे असं वाटतं, पण मोजणी केली की एखादा फूट गल्लीत निघतो. गावठाणात बांधकामाला ग्रामपंचायतीची परवानगी लागते, हे ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये आहे. रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागेवर पुढे आलेलं बांधकाम काढून टाकण्याचा अधिकार कलम ५३ ने पंचायतीला दिलेला आहे. म्हणून आधी नमुना ८ चा उतारा काढा. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन तुमच्या गावाच्या मिळकत पत्रिका आल्या असतील तर तीही बघा, त्यावर हद्द दिसते. ग्रामसेवकाकडे साधा अर्ज द्या आणि पोच घ्या.

दुसरी गोष्ट पागोळ्याची. पत्र्याचं पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवर किंवा अंगणात पडायला नको. पत्रा उतरता करायचा तो आपल्याच जागेकडे. गावातली निम्मी भांडणं बांधावरून आणि उरलेली पागोळ्यावरून होतात, हे कुणाला सांगायला नको.

तिसरी गोष्ट विजेची. महावितरणच्या खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर पत्र्याला टेकता कामा नये. वायर वाऱ्याने घासते, वरचं आवरण जातं आणि ओल्या पत्र्यात करंट उतरतो. वायर आडवी येत असेल तर आधी ती उंच करून घ्या, मग पत्रा चढवा.

ओट्यावर खांब उभे करू नका, ओट्यात रोवा

ही चूक सगळ्यात जास्त होते. आपला ओटा म्हणजे बाजूने दगड किंवा विटा, आत मुरूम-मातीची भर आणि वर कोबा किंवा शहाबादी फरशी. माणसं बसायला तो चांगला. पण वेल्डर येतो, फरशीवर पट्टी ठेवतो, चार बोल्ट मारतो आणि खांब उभा करतो. तो बोल्ट दोन-तीन इंच कोब्यात असतो, त्याखाली नुसती भर. जोराच्या वाऱ्यात कोब्याचा तुकडाच उपटून येतो.

जोर किती असतो ते हिशोबाने बघा. समजा पडवी १२ फूट रुंद आणि १० फूट खोल आहे. पत्रा थोडा बाहेर काढला की छत होतं १३ बाय १२, म्हणजे १५६ चौरस फूट. त्यावरचा पत्रा साधारण ७० किलोचा. ताशी १०० किलोमीटरचा वारा आला तर एवढ्या छताला वर उचलणारा जोर साडेसहा-सात क्विंटलपर्यंत जाऊ शकतो. वारा खालून शिरून ढकलतो आणि वरून जाताना ओढतो, दोन्ही एकदम होतं. वैशाखातल्या वादळात पत्रे का उडतात ते यावरून कळेल.

आणि पत्र्यावर दगड ठेवायची सवय सोडा. दहा-पंधरा किलोचा दगड सात क्विंटलच्या जोरापुढे काही नाही. उलट पत्रा उचलला की तोच दगड खाली झोपलेल्या माणसावर येतो.

उपाय साधा आहे. समोर तीन खांब घ्या. प्रत्येक खांबासाठी ओटा फोडून दीड फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट खोल खड्डा घ्या आणि खांब त्यात ठेवून काँक्रीट भरा. एका खड्ड्यात साधारण ३ क्विंटल काँक्रीट बसतं. तीन खांबांना मिळून ९ क्विंटल वजन खाली झालं. वाऱ्याचा निम्मा जोर घराकडच्या भिंतीवर आणि निम्मा या खांबांवर येतो, म्हणजे खांब भक्कम झाले. काँक्रीट फरशीच्या वर तीन-चार इंच काढून त्याला उतार द्या, म्हणजे खांबाच्या बुडाशी पाणी साचून गंज लागत नाही. आठवडाभर पाणी मारा, घाई करून दुसऱ्या दिवशी पत्रा चढवू नका.

काळी माती की मुरूम?

बीड जिल्ह्यात हा फरक मोठा आहे. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या बालाघाटावरच्या भागात बऱ्याच ठिकाणी फूट-दोन फुटावर मुरूम किंवा खडक लागतो. तिथे दोन फुटाचा खड्डा पुरतो. पण गेवराई, माजलगाव, परळीच्या गंगथडीला काळी माती खोल आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा मातीत दोन फुटाचा खांब दरवर्षी थोडा वर-खाली होतो. मग चौकट तिरपी होते, दार अडकतं आणि खाली बोटभर फट पडते. म्हणजे पुन्हा डास आत.

काळ्या मातीत खड्डा मुरूम लागेपर्यंत घ्या. मुरूम लवकर लागत नसेल तर साडेतीन-चार फुटांपर्यंत जा, तळाला मुरूम धुम्मस करून भरा आणि मग काँक्रीट टाका. यात चार-दोन पाट्या सिमेंट जास्त जाईल, पण सगळ्या जाळीचं आयुष्य याच्यावर आहे.

घराकडची बाजू कशाला धरायची, हाही प्रश्न आहे. वीट-सिमेंटची भिंत किंवा काँक्रीटचा बीम असेल तर अँकर बोल्टने आडवा पाइप धरता येतो. जुनं माळवदाचं घर असेल, भिंत दगड-मातीची असेल, तर तिला बोल्ट मारू नका. माती बोल्ट धरत नाही, आणि पत्रा हलला की भिंतीला तडा जातो. अशा घराला लागून पण वेगळे तीन खांब घ्या, पडवी स्वतःच्या पायावर उभी करा.

पत्रा : उतार, उंची, स्क्रू

घराकडे ९ फूट आणि समोर साडेसात फूट उंची ठेवली तर १० फुटात दीड फूट उतार मिळतो. पाणी पटकन निघतं आणि आत उभ्या माणसाला पत्र्याची धग कमी लागते. पैसा वाचवायला उंची सात-सहा फुटावर आणली तर मे महिन्यात दुपारी आत बसवणार नाही.

रंगीत पत्रा रुंदीला साधारण साडेतीन फूट असतो, एकावर एक चढवला की सव्वातीन फूट झाकतो. १३ फुटाला चार पत्रे लागतील. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारा, खोलगटात नाही, कारण खोलगटातून पाणी वाहतं. प्रत्येक स्क्रूखाली रबरी वॉशर पाहिजे. वॉशर चिरडेपर्यंत आवळू नका. कडेच्या ओळींना एकाआड एक उंचवट्यावर स्क्रू घ्या, वारा आधी कडच उचलतो. समोर पत्रा फुटापेक्षा जास्त बाहेर काढू नका, नाहीतर तोच वाऱ्याला हात देतो.

धग कमी करायला पत्र्यावर उन्हाळ्याच्या तोंडी चुन्याचा जाड हात मारता येतो. काही जण पत्र्यावर कडबा किंवा उसाचं पाचट टाकतात. गारवा मिळतो, पण चुलीची ठिणगी लागली तर पेटायला वेळ लागत नाही. पत्र्याखाली बांबूची तट्टी बांधली तर जास्त बरं.

जाळी निवडताना फसू नका

दुकानात गेल्यावर सगळ्याला जाळीच म्हणतात. पण प्रकार वेगळे आहेत.

हिरवी शेडनेट डासासाठी नाही. ती ऊन अडवते, तिची भोकं डासाला मोठी असतात.

नायलॉन किंवा प्लास्टिकची जाळी स्वस्त आहे, पण आपल्या उन्हात कडक होऊन तुटते. उंदीर कुरतडतात. दोन-तीन उन्हाळ्यांसाठी ठीक.

फायबरग्लासची जाळी गंजत नाही, मऊ असते, बसवायला सोपी. मांजराने नख मारलं तर फाटते.

पत्र्यासारखी झिंक मारलेली लोखंडी जाळी मजबूत, पण झिंक गेलं की गंज धरते.

स्टेनलेस स्टीलची जाळी महाग, पण वर्षानुवर्षं टिकते. दुकानदाराला ‘३०४ स्टील’ म्हणून विचारा आणि बिलावर तसं लिहून घ्या.

भोकाचा आकार मोजायची सोपी रीत आहे. जाळीवर शाळेची पट्टी ठेवा, मोबाइलने जवळून फोटो काढा आणि मोठा करून एका इंचात किती घरं येतात ते मोजा. १६ ते १८ घरं आली तर जाळी डासाची. १० किंवा १२ आली तर परत करा. याच्यापेक्षा फार बारीकही नको, कारण जाळी जेवढी बारीक तेवढा वारा कमी.

वाऱ्यासाठी जाळी निदान दोन समोरासमोरच्या बाजूंना पाहिजे. एकाच बाजूला जाळी आणि बाकी तीन बाजूंना पत्रा मारला तर हवा आत येते पण जायला वाट नाही, आणि पडवीचा भट्टीसारखा प्रकार होतो.

खाली दोन फूट विटांचं कट्टावजा बांधकाम करा आणि त्यावर जाळी घ्या. पावसाचे शिंतोडे अडतात, शेळी जाळीला तोंड लावत नाही, कुत्रं आत घुसत नाही. आपल्या १२ बाय १० च्या पडवीला दोन फुटाचा कट्टा धरला तर समोर ६६ आणि दोन्ही बाजूंना मिळून १२५, म्हणजे १९१ चौरस फूट जाळी लागते. कापाकापी धरून २१० चौरस फूट आणा. भाव दोन दुकानांत विचारा आणि चौरस फुटाच्या हिशोबानेच विचारा, रोलच्या हिशोबाने फरक कळत नाही.

जाळी खांबाला थेट वेल्ड करू नका किंवा तारेने बांधू नका. तीन-तीन फूट रुंदीच्या सुट्ट्या चौकटी करा, जाळी त्यात रबरी बीडिंगने किंवा पट्टी-स्क्रूने बसवा आणि चौकट खांबाला स्क्रूने लावा. एक चौकट फाटली तर तेवढीच काढता येते, आणि धूळ बसली की काढून धुता येते. आपल्याकडची धूळ बघता वर्षातून तीन-चार वेळा धुवावीच लागते. धुळीने भरलेल्या जाळीतून वारा येत नाही.

काडीची परीक्षा

आता मुख्य गोष्ट. माणसाच्या श्वासाचा आणि घामाचा वास फटीतून बाहेर जातो आणि डास त्याच वासाच्या मागावर फटीपर्यंत येतो. म्हणजे फट ही त्याच्यासाठी दाखवलेली वाटच. दाराखाली नुसती अर्ध्या इंचाची फट असली आणि दार तीन फुटांचं असलं, तर ती १८ चौरस इंचांची उघडी खिडकी झाली.

काम संपलं की मिस्त्रीला पैसे देण्याआधी माचिसची एक काडी हातात घ्या आणि सगळी पडवी फिरा. जिथून काडी आत जाते, तिथून डास जातो. या सहा जागा आवर्जून बघा :

१. पत्र्याच्या घड्या आणि आडव्या पाइपाच्या मधली भोकं. ही सगळ्यात जास्त विसरली जातात. प्रत्येक घडीखाली अंगठा जाईल एवढं भोक असतं आणि १३ फुटांत अशी कितीतरी असतात. पत्र्याच्या आकाराची फोमची पट्टी मिळते, ती लावा. नाही मिळाली तर जाळीच दुमडून भरा आणि वरून पट्टी मारा.

२. पत्रा आणि घराची भिंत यांच्यातली फट. वरून पत्र्याची पट्टी आणि खालून सिमेंट. दगड-मातीच्या जुन्या भिंतीजवळ सिमेंट तडकतं, तिथे जाळीची पट्टी सैल ठेवून लावा.

३. दाराचं बूड. रबराची किंवा ब्रशची पट्टी फरशीला टेकली पाहिजे.

४. पाणी जाण्याचं भोक. फरशी धुतल्यावर पाणी जायला ठेवलेल्या पाइपाच्या तोंडाला जाळी बांधा. साप-विंचवाचीही हीच वाट.

५. वायर आत येते ते भोक. सिमेंटने किंवा सिलिकॉनने भरा.

६. चौकट आणि खांब यांच्यातली उभी फट. वेल्डिंगचं काम कितीही चांगलं असलं तरी इथे काडी जातेच. रबरी पट्टी किंवा सिलिकॉन लावा.

दार बाहेर उघडणारं ठेवा. जाळीवर बाहेरून डास बसलेले असतात. दार आत उघडलं की ते आपणच आत आणतो. दाराला स्प्रिंग लावा, म्हणजे लेकरं पळत गेली तरी दार आपोआप बंद होतं. दार एकच ठेवा. दोन दारं म्हणजे दुप्पट फटी.

सगळ्यात मोठी चूक : रांजण आत

आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. कुठे चार दिवसांनी, कुठे आठ दिवसांनी, उन्हाळ्यात टँकर. त्यामुळे प्रत्येक घरात ड्रम, टाकी, रांजण भरलेले असतात. नवी पडवी झाली की हे सगळं सावलीत म्हणून पडवीत येतं.

डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. उघडा रांजण जाळीच्या आत असला आणि एखादी मादी दारातून आत आली, तर पुढची सगळी पैदास जाळीच्या आतच होते. बाहेर जायला वाट नाही आणि चावायला माणसं समोरच. अशी पडवी नसलेली बरी.

म्हणून पिण्याचं पाणी आत ठेवायचं तर घट्ट झाकणात, आणि बाकीचे ड्रम बाहेर, तोंडाला कापड किंवा जाळी बांधून. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून, आतून घासून, कोरडी करा. अंडी भांड्याच्या काठाला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. शौचालयाच्या टाकीच्या वरच्या पाइपालाही जाळी बांधा, तिथून डास भपकन बाहेर पडतात. जाळीचा उरलेला तुकडा त्यालाच वापरा.

पत्र्याला पन्हाळ लावली तर २५ मिलिमीटरच्या एका पावसात एवढ्या छतावरून साडेतीनशे लिटरच्या आसपास पाणी मिळतं. हे पाणी धरलंच पाहिजे, पण ड्रमच्या तोंडाला जाळी बांधून. आणि पन्हाळीत पाला अडकून पाणी साचत नाही ना, ते बघत जा.

चूल आणि साप-विंचू

चूल पडवीत आणू नका. धुराने जाळीची भोकं काजळीने बुजतात, धूर आत कोंडतो आणि प्लास्टिकच्या जाळीला आग लागायचा धोका आहे.

सापाबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते, चावलेलं कधीकधी कळतही नाही. कट्टा, जाळी आणि नीट बंद होणारं दार असलं तर हा धोका बराच कमी होतो. तरीही पडवीत बाजेवरच झोपा. पडवीला लागून सरपण, कडबा, विटांचा ढीग ठेवू नका, उंदीर आले की मागोमाग साप येतो. आणि कुणाला चावलंच तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा. बीडचं जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आपल्या जिल्ह्यातच आहे.

काम कधी काढायचं, पैसे कसे द्यायचे

दिवाळी ते संक्रांत हा काळ चांगला. जमीन वाळलेली असते, वादळ नसतं. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी मात्र जायच्या आधी खांब आणि काँक्रीट उरकून घ्यावं आणि परत आल्यावर पत्रा-जाळी करावी. माणूस घरी नसताना जाळीचं काम दिलं की काडीची परीक्षा घ्यायला कुणी राहत नाही.

मिस्त्रीला पैसे तीन टप्प्यांत द्या : खांब उभे राहिल्यावर, पत्रा चढल्यावर आणि काडी कुठेच आत जात नाही हे बघितल्यावर. शेवटचा टप्पा लहान ठेवू नका, कारण खरं काम तिथेच होतं. पाइपाची जाडी, पत्र्याची जाडी, जाळीचा प्रकार आणि फटी बंद करण्याचं काम हे चार मुद्दे साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या.

पुढे दर महिन्याला एक फेरी मारा. दाराची रबरी पट्टी झिजली का, कुठे जाळी सुटली का, स्क्रू ढिले झाले का, पाइपाचं टोक उघडं राहून त्यात पाणी साचलं का. अर्ध्या तासाचं काम आहे. पहिल्या पावसानंतर आणि पहिल्या वादळानंतर ही फेरी चुकवू नका, कारण नवी फट पडते ती याच दोन वेळेला.